भाड्यासाठी कॉन्डो घेताय? एचओएच्या बाबतीत या चुका टाळा

अमेरिकेत भाड्याने द्यायला कॉन्डो (बिल्डिंगमधला मालकीचा फ्लॅट) घेताना आपण किचन बघतो, शाळा बघतो, भाड्याची एक्सेल शीट बनवतो आणि एचओएच्या (म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या, मालकांच्या सोसायटीच्या) रकान्यात नुसती महिन्याची फी टाकून मोकळे होतो. मी पण तेच केलं. आजूबाजूच्या बिल्डिंगांपेक्षा फी कमी दिसली आणि मी खूश!

फी कमी का आहे हे विचारलंच नाही. बऱ्याचदा भानगड अशी असते की कोणी ओरडू नये म्हणून बोर्ड वर्षानुवर्षं फी वाढवत नाही आणि रिझर्व्ह फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या पैशांत, खडखडाट असतो. म्हणून रिझर्व्ह स्टडी मागून घ्या, छप्पर, लिफ्ट, पार्किंग कधी करावं लागणार, खर्च किती, जमा किती, सगळं त्यात असतं. समजा १०० युनिट्स आहेत, छताचं काम ८ लाख डॉलरचं आणि जमा आहेत ६० हजार. वाटा सारखा धरला तर प्रत्येकाला ७,४०० डॉलरचं स्पेशल असेसमेंट, म्हणजे फीव्यतिरिक्त जादा वर्गणी. तुम्हाला सगळं जाऊन महिन्याला १५० सुटत असतील तर चार वर्षांची कमाई एका पत्रात गेली.

फ्लोरिडात तर जास्तच बघून घ्या. २४ जून २०२१ ला सर्फसाइडची बिल्डिंग कोसळून ९८ माणसं गेली, तिथे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीचं असेसमेंट आधीच मंजूर होतं. मग २०२२ च्या कायद्याने तीन किंवा जास्त मजल्यांच्या कॉन्डोंना स्ट्रक्चरची तपासणी आणि त्यासाठीचा रिझर्व्ह बंधनकारक झाला, आणि इतकी वर्षं टाळलेले पैसे आता ओनर्सकडून वसूल होतायत.

दुसरी चूक म्हणजे एचओएच्या मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) न वाचणं. कंटाळवाणे असतात, मान्य, पण निदान दोन वर्षांचे वाचाच. माझ्या बिल्डिंगच्या मिनिट्समध्ये सलग पाच मीटिंगा एकच ओळ होती, गराजच्या भिंतीतून पाणी येतंय, विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. मी ती वाचली क्लोजिंगनंतर, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्यावर.

रेंटल कॅपबद्दल (भाड्याने देता येणाऱ्या युनिट्सची मर्यादा) एजंटच्या तोंडी "होईल हो" वर जाऊ नका. किती युनिट्स भाड्याने देता येतात, आज किती दिलीत, वेटिंग लिस्ट आहे का, पहिलं वर्ष स्वतः राहायची अट आहे का, हे मॅनेजमेंट कंपनीकडून लेखी घ्या. कॅलिफोर्नियात कॅप २५ टक्क्यांच्या खाली ठेवता येत नाही, पण सगळ्या राज्यांत असं नाही.

किती जणांची फी थकलीय आणि कोर्टात केस चालू आहे का, तेही विचारा. १५ टक्क्यांपेक्षा जास्त युनिट्सची फी ६० दिवस थकली असेल तर फॅनी मेच्या (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) नियमात ती बिल्डिंग बसत नाही, म्हणजे लोन अवघड आणि उद्या विकतानाही तीच बोंब. मास्टर पॉलिसीचं (पूर्ण बिल्डिंगचा विमा) डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी स्वतः भरायची रक्कम, बघा आणि तुमच्या एचओ-६ पॉलिसीत (स्वतःच्या युनिटचा विमा) लॉस असेसमेंटचं, म्हणजे बिल्डिंगच्या नुकसानीतल्या तुमच्या वाट्याचं, कव्हर त्या मानाने पुरेसं आहे का तेही तपासा.

ऑफर दिल्यावर गडबड दिसली तर? बऱ्याच राज्यांत डॉक्युमेंट्स हातात आल्यावर ठराविक दिवसांत डील सोडता येतं, दिवस फार थोडे असतात म्हणून शेवटची तारीख आधीच मोबाइलवर लावून ठेवा. असेसमेंट मंजूर झालंय पण हप्ते बाकी आहेत असं असेल तर ते सेलरने क्लोजिंगला भरावेत असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.