फ्रिज बिघडला म्हणण्याआधी

फ्रिज थंड करेनासा झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस गेला वाटतं." माझ्याही तोंडात तेच यायचं. पण फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, आणि नळीला कुठे भोक पडलं नाही तर फ्रिज भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहतो. मेकॅनिकला फोन करण्याआधी तपासायच्या गोष्टी याहून खूप साध्या आहेत. उष्णतेची बाहेर पडायची वाट बंद झाली आहे का, आणि बाहेरची हवा कुठून आत घुसते आहे का?

फ्रिज गारवा तयार करत नाही, तो उष्णता वाहून नेतो. फ्रीझरच्या नळ्यांमध्ये गॅसच्या द्रवाची वाफ होते आणि ती आतली उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, त्यामुळे ती आणखी तापते. मग मागच्या जाळीतून जाताना ती आपली उष्णता खोलीत सोडते आणि पुन्हा द्रव होते. म्हणून मागची जाळी किंवा फ्रिजची बाजू गरम लागली तर घाबरू नका, ते फ्रिज काम करत असल्याचं लक्षण आहे. ज्या फ्रिजच्या मागे जाळी दिसतच नाही, त्यात ती बहुधा बाजूच्या पत्र्यांमागे बसवलेली असते.

आधी मोजा, मग ठरवा

"थंड होत नाही" ही तक्रार हाताने ठरवू नका. बटणावरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे अंश नसतात. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा म्हणजे गारवा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. साधा थर्मामीटर पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. पाण्यात अशासाठी, की दार उघडताच हवेचं तापमान उडी मारतं, पाण्याचं मारत नाही. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो इतक्या खाली उतरतच नाही. सकाळी ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडं कमी दिसायला हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. बटण एका वेळी एकच घर फिरवा आणि पुढचे २४ तास त्याला हात लावू नका. दर दोन तासांनी बटण फिरवणाऱ्याला खरं तापमान कधीच कळत नाही.

दाराचा कप्पा सगळ्यात कमी गार असतो. लवकर नासणाऱ्या वस्तू तिथे ठेवून फ्रिजला दोष देण्यात अर्थ नाही.

दाराचं रबर

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो. रबराच्या आत चुंबकाची पट्टी असते, तीच दार ओढून धरते. चाचणी अशी: कागदाची अरुंद पट्टी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळू ओढा. ती अडत अडत यायला हवी. अलगद सुटली तर तिथे फट आहे. वीतभर अंतर सोडत चारही बाजू तपासा. बिजागरीकडची खालची बाजू विसरू नका, तिथे वाकून कुणी बघत नाही. दुसरा उपाय रात्रीचा: मोबाइलचा टॉर्च लावून तो आत ठेवा, दार लावा, खोलीतले दिवे घालवा. प्रकाशाची रेघ दिसेल तिथून हवा आत जाते आहे.

फट सापडली म्हणून लगेच नवं रबर आणू नका. आधी घड्यांमध्ये बोट फिरवून बघा. चिकट काळपट थर हाताला लागेल. कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तो काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. रबर एखाद्या कोपऱ्यात वळलं असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून, जरा लांबून त्याला ऊब द्या. बोटांनी सरळ करा आणि दार काही तास लावून ठेवा. रबर चिरलं असेल किंवा दगडासारखं कडक झालं असेल, तर मात्र बदलणं हाच उपाय.

दार लागत नाही याचं कारण कधीकधी रबर नसतंच. आत एखादी बाटली पुढे आलेली असते, नाहीतर भाजीचा ट्रे अर्धा बोट बाहेर राहिलेला असतो. फ्रिजची पुढची बाजू किंचित उंच हवी, म्हणजे अर्धं उघडं दार आपल्या वजनाने मिटतं. पुढचे पाय फिरवून ही उंची जुळवता येते.

जाळी आणि जागा

वर्षातून दोनदा प्लग काढून फ्रिज पुढे ओढा आणि मागच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढा. घरात केस गळणारा प्राणी असेल तर हे काम आणखी लवकर करा. नळ्या वाकवायच्या नाहीत. फ्रिज परत ढकलताना मागे आणि बाजूंना माहितीपुस्तिकेत सांगितलेली जागा सोडा. पुस्तिका हरवली असेल तर निदान चार बोटं. वायर चाकाखाली आली नाही ना, तेही बघून घ्या.

आतून पुसायला एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा पुरतो. काचेच्या फळ्या बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार काचेवर गरम पाणी ओतलं की ती तडकते.

बर्फ काढताना

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा, नसलेल्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर साधारण अर्धा सेंटीमीटर झाला की काढायचा. बर्फ दिसायला गार असला तरी नळ्यांवर तो गोधडीसारखा बसतो आणि गारवा आत येऊ देत नाही.

१. फ्रीझर रिकामा करा. गोठलेल्या वस्तू एकत्र, जाड कापडात गुंडाळून ठेवा.
२. प्लग काढा. बर्फ काढायचं बटण असेल तर तेच दाबा, तेवढ्यानेही काम होतं.
३. खाली टॉवेल पसरा. फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं भांडं जाड फडक्यावर ठेवा आणि दार लोटा.
४. बर्फाची पापडी आपोआप सुटेपर्यंत थांबा. मग ती हाताने उचला.
५. सगळं पुसून कोरडं करा, फ्रिज चालू करा, आणि आत पुरता गारवा आल्यावरच वस्तू परत ठेवा.

चौथी पायरी सगळ्यात अवघड, कारण तिथे धीर लागतो. मी एकदा घाईत बर्फात सुरीचं टोक घातलं. "फुस्स" असा बारीक आवाज आला आणि थांबला, बस. फ्रीझरच्या आतला पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याच्या पोटातूनच गॅसची वाट जाते. त्या दिवशी गॅस खरोखरच गेला होता, आणि तो मीच घालवला होता. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथणं, यातलं काहीही त्या कप्प्याजवळ नेऊ नका.

लक्षणं ओळखताना

फ्रीझर गार, पण खालचा भाग कोमट: फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची ही नेहमीची तक्रार. यात हवा फ्रीझरच्या मागच्या भागात गार होते आणि पंखा ती खाली ढकलतो. आधी हवेच्या झरोक्यांसमोर डबे टेकलेले नाहीत ना ते बघा. मग दार उघडून दिव्याचं बटण बोटाने दाबून धरा. अनेक फ्रिजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो, बटण दाबल्यावर तो फिरल्याचा आवाज यायला हवा. पंखा ठीक असेल तर प्लग काढून, दारं उघडी ठेवून फ्रिज पूर्ण २४ तास सुकू द्या. त्यानंतर तो आठवडाभर झकास चालला आणि पुन्हा तीच रड सुरू झाली, तर गॅस नाही, बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडली आहे: हीटर, सेन्सर किंवा टायमर. मेकॅनिकला हे आधीच सांगितलंत तर त्याचा आणि तुमचा फेरा वाचतो.

भाजीच्या ट्रेखाली पाणी: मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी उतरायचं छोटं भोक असतं. एखादं सुकलं पान किंवा प्लास्टिकचा तुकडा त्यात अडकतो. सुई न लावलेल्या सिरिंजने त्यात कोमट पाणी सोडा, दोन-तीनदा. तार खुपसू नका. हेच पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या पसरट भांड्यात पडतं आणि त्याच्या उष्णतेने उडून जातं. पाणी फ्रिजच्या बाहेर, जमिनीवर येत असेल तर ते भांडं सरकलंय किंवा तडकलंय का बघा. फ्रिजला न कळणारा वास येत असेल तरी हेच भांडं हुंगून पाहा.

दर काही मिनिटांनी "टक्", पण घरघर नाही: कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि ओव्हरलोड, म्हणजे तो जळू नये म्हणून वीज तोडणारा भाग, त्याला बंद करतो. वीजदाब कमी असेल तर असं होतं, रिले (कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा छोटा भाग) खराब असेल तरीही. प्लग काढून दहा मिनिटं थांबा. वीज गेल्यावर लगेच आली तरी हाच नियम, नळ्यांमधला दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला उचल घेता येत नाही. नंतरही टकटक चालू राहिली तर फ्रिज बंद ठेवा. रिले बदलणं छोटं काम आहे, जळलेला कॉम्प्रेसर बदलणं मोठं.

सतत चालू: इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गती कमी-जास्त करणारा, मंद गतीने बराच वेळ चालतो, तो बिघाड नाही. साध्या फ्रिजमध्ये रबर, जाळी आणि बटण तपासून झालं की दिवा तपासा. दार लावल्यावरही तो आत जळत असेल तर आतली हवा तापवत राहतो, पण तो तुम्हाला दिसणार कसा? मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा, दार लावा, मग बघा.

खळखळ, बुडबुडे, मधूनच "कट्" असे आवाज गॅस वाहण्याचे आणि आतलं प्लास्टिक आकुंचन पावण्याचे असतात, ते सोडून द्या. खरखर येत असेल आणि दार उघडताच थांबत असेल, तर पंख्याचं पातं बर्फाला घासतंय.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर यातलं काहीही करत बसू नका. सॉकेटचं बटण बंद करा, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

गॅस खरंच गेला असेल तर

कॉम्प्रेसर चालू आहे, तापतो आहे, तरी फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो आणि बाकीचा कप्पा कोरडा राहतो, ही गॅस कमी झाल्याची खूण. फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या लेबलवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. फार जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर हटवला गेला आणि आर-१३४ए आला. आता आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, सर्रास दिसतो. तो पेट घेतो, म्हणून गळतीचा संशय आला की खिडक्या उघडा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, आणि त्या फ्रिजचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

मेकॅनिक "गॅस भरून देतो" म्हणाला तर विचारा, "गळती कुठे सापडली?" उत्तर मिळालं नाही तर भरलेला गॅसही त्याच भोकातून जाणार. नळी सांधल्यावर फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरून ठेवणारा भाग) नवा बसवायचा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि मग लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. आयसोब्युटेन असेल तर दहा-पंधरा ग्रॅमची चूकही जाणवते. काम चालू असताना शेजारी उभं राहा, आणि तो काटा बॅगेतून बाहेर निघतो का तेवढं बघा.