अंगणात पुढचे शॉकअप बदलायचे असतील तर आधी हे वाचा

स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून खट् असा आवाज येतोय, तुळजापूर रोडला जरा स्पीड धरला की गाडीचं नाक वरखाली डुलतंय, टायर एका ठिकाणी जास्त एका ठिकाणी कमी असा झिजलाय, असं होत असेल तर पुढचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर, धक्के झेलणारे) गेले असण्याची शक्यता जास्त आहे. पण लगेच दुकानात पळू नका, आधी लिंक रॉड (शॉकअपला जोडलेली बारीक दांडी) हाताने हलवून बघा, कारण तो ढिला झाला तरी अगदी असाच आवाज येतो आणि तो शॉकअपपेक्षा लय स्वस्तात होतो. मग बोनेटचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली पायजे, दोन-तीन झोके खात असेल तर शॉकअपमधला जोर संपलाय. चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारून पण बघा, नळकांड्यावर तेल ओघळून त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला असेल तर तो शॉकअप गेला. नुसता ओलसरपणा असेल तर घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे सोलापुरात हे काम जरा लवकरच निघतं, कारण पाचजण बसवून अक्कलकोट, पंढरपूर चालूच असतं आणि ऊसाच्या ट्रॉल्यांनी कारखान्याकडचे रस्ते कसे होतात ते तुम्हाला माहितीच आहे.

आता मुख्य गोष्ट, बाकी काही विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे जो शॉकअप असतो त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकात एक. गाडीचं वजन ८५० किलो धरलं तर त्यातलं साधारण ६० टक्के पुढच्या बाजूला असतं, म्हणजे पुढच्या एका चाकावर अडीचशे किलोच्या आसपास, सिमेंटची पाच पोती म्हणा की. एवढं वजन ती स्प्रिंग झेलते. आणि गाडी जॅकवर उचलली, चाक लोंबकळलं, तरी स्प्रिंग मोकळी होत नाही, शॉकअपच्या दांड्याच्या टोकाला जो मधला नट असतो तो तिला दाबून धरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराने) बांधल्याशिवाय तो नट काढला तर नट, माउंटिंग (शॉकअप बॉडीला जोडणारी वरची बैठक), स्प्रिंग सगळं एकदम वर उडतं आणि समोर तुमचं तोंड असतं. म्हणून बोनेट उघडल्यावर वर जे कडेचे दोन-तीन नट दिसतात तेवढेच आपले, मधल्याला पाना लावायचा नाही. काही गाड्यांत कडेचे नट नसतातच, वरून मध्ये एकच मोठा नट असतो आणि त्याच्या खाली स्प्रिंग धरणारा दुसरा नट असतो. तुमच्या गाडीला तसं असेल तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल डोळ्यासमोर असल्याशिवाय सुरुवातच करू नका.

सामान आणताना दोन्ही बाजूचे शॉकअप आणा, एकच बदलला तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. डावा उजवा वेगळा असतो, ब्रेकच्या पाइपची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघून जुळवा. दुकानात जाताना आरसीचा फोटो जवळ ठेवा, चॅसिस नंबरवरून बरोबर पार्ट मिळतो, नुसतं मॉडेल सांगून चालत नाही कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात पार्ट बदललेला असतो. शॉकअपबरोबर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी ठोकळा), डस्ट कव्हर आणि नवीन नट पण घ्या. जुनं बेअरिंग परत बसवून चार पैसे वाचवले तर स्टिअरिंग फिरवताना करकर आवाज येतो आणि सगळं परत खोलावं लागतं.

जागेबद्दल जरा जास्त बोलतो. सोलापुरात निम्म्या घरांपुढे एकतर काळी माती नाहीतर शहाबादी फरशी, आणि दोन्ही जॅकला धोक्याच्या. काळी माती वरून कडक दिसते पण खाली ओल असली की जॅकचा पाय हळूहळू रुतत जातो. फरशीचं तर मी स्वतः बघितलंय. आमच्या अंगणात गाडी स्टँडवर (उचललेली गाडी पेलून धरणारा लोखंडी आधार) घेतली होती, फरशीखाली एके ठिकाणी पोकळ होतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं, भाचा नकलचा (चाक ज्यावर बसतं तो शॉकअपखालचा लोखंडी भाग) बोल्ट सोडवायला हँडलवर जोर देत होता आणि खालून टिक् असा बारीक आवाज आला, नंतर फरशी मधोमध दुभंगली, स्टँडचा एक पाय आत गेला आणि गाडी चार बोटं खाली येऊन थांबली. थांबली ती फक्त काढलेलं चाक आम्ही उंबऱ्याच्या पट्टीखाली (गाडीच्या दारांखालची कड) आडवं सरकवून ठेवलं होतं म्हणून. पोराचा हात तेव्हा आतच होता. तेव्हापासून फरशीवर आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतो, पोकळ वाजली की जागा बदलायची, आणि स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीची फळी टाकल्याशिवाय गाडी उचलायची नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे सिमेंट काँक्रीटची सपाट जागा. विटा, दगड, टायरची रिम रचून गाडी टेकवायची नाही, वीट तर काही न सांगता फुटते. नुसत्या जॅकवर पण काम करायचं नाही, जॅक फक्त उचलायला आणि पेलायला स्टँड.

एप्रिल-मेमध्ये असाल तर पहाटे सुरू करा. पारा ४२ च्या वर गेला की ऊन पडलेला पाना हातात धरवत नाही आणि घामाने हात सटकतो.

गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून गुटके लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा ढिले करा, मग उचला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच स्टँड लावा, गाडी हळू स्टँडवर टेकवा आणि बाजूने हलवून बघा, डुगडुगली तर परत उतरवा. चाक काढून उंबऱ्याच्या पट्टीखाली सरकवा. दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली तर बरं पडतं, स्टॅबिलायझर बारवर (दोन्ही बाजू जोडणारी आडवी सळई) ताण राहत नाही आणि लिंक रॉड सहज निघतो.

आता जे काही काढणार आहात त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शॉकअपवरून एबीएसची वायर आणि ब्रेकचा रबरी पाइप गेलेला असतो, दोन्ही त्यांच्या पट्टीतून सोडवा, ब्रेकचा पाइप उघडायचा नाहीये, फक्त मोकळा करायचाय. लिंक रॉडचा नट सोडताना मधली पिन पण गरागरा फिरते, तिच्या टोकाला ॲलन की घालून धरायची आणि पान्याने नट सोडायचा. खाली नकलला शॉकअप दोन मोठ्या बोल्टने जोडलेला असतो, बऱ्याच गाड्यांना १७ किंवा १९ ची गोटी (सॉकेट) लागते. तिथे खडूने नाहीतर पेंटने खूण करा की बोल्ट आणि नकल कसे बसले होते, कारण चाकाचा कल तिथेच ठरतो. गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, आणि आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, नाहीतर नट आटे खरवडत बाहेर येतो. बोल्टवर सरळ हातोडी मारू नका, नट टोकापर्यंत आणून नटावर मारा म्हणजे आटे वाचतात.

खालचे बोल्ट काढायच्या आधी लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणारा लोखंडी हात) जॅक हलकासा टेकवा, आणि बोल्ट निघाले की नकल लगेच तारेने वर बांधा. ही तार कोणी मनावर घेत नाही आणि तिथेच घोटाळा होतो, नकल बाहेर कलंडली की सगळं ब्रेकच्या पाइपवर लटकतं, चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा आतला जॉइंट पण बाहेर ओढला जातो. शेवटी वरचे कडेचे नट, आणि शेवटचा नट सोडताना एकाने खालून शॉकअप दोन्ही हातांनी धरायचा, नाहीतर तो सरळ पायावर येतो. हे काम एकट्याने करायचं नाही.

शॉकअप बाहेर आला. इथे माझं स्पष्ट मत सांगतो, स्प्रिंग दाबायचं काम घरी करू नका. भाड्याने मिळणारे दोन हुकांचे कॉम्प्रेसर आटे झिजलेले, हुक वाकलेले असतात, आणि मी एका ठिकाणी स्प्रिंग तारेने बांधून नट काढताना पण बघितलंय, तो माणूस त्या दिवशी वाचला एवढंच. शॉकअप तसाच अख्खा पोत्यात घाला, दुसऱ्या गाडीवर टाका आणि ज्याच्याकडे भिंतीला किंवा स्टँडला बसवलेलं स्प्रिंग दाबायचं मशीन आहे अशा गॅरेजला न्या. काम थोड्या वेळाचं आहे. अंगणातली गाडी तोवर स्टँडवर आहे, तिच्याजवळ लेकरं जाणार नाहीत एवढं घरात सांगून निघा.

तरी हाताचाच कॉम्प्रेसर वापरायची वेळ आली तर दोन्ही बरोबर समोरासमोर लावा, जास्तीत जास्त वेटोळी पकडा, आणि चार आटे इकडे चार आटे तिकडे असं आलटून पालटून हातानेच आवळा, हवेची गन लावू नका. स्प्रिंग वरच्या बशीपासून (स्प्रिंग टेकते ती वाटी) सुटून खुळखुळायला लागली की पुरे, त्याच्यापुढे दाबायची नाही. दांड्याच्या रेषेत तोंड, छाती आणायची नाही, टोक भिंतीकडे करून बाजूला उभं राहायचं. मगच मधला नट. दांडा फिरायला लागला तर टोकाला ॲलन कीने धरा, चमकणाऱ्या भागाला पक्कड लावलीत तर ओरखडा पडतो आणि नवीन सील महिनाभरात तेल सोडतं.

नवीन शॉकअप उभा धरून दांडा तीन-चार वेळा पूर्ण दाबून वर ओढा, पडून राहिल्यामुळे आत शिरलेली हवा निघते. स्प्रिंगचं खालचं टोक बशीत खाच असते तिथे बरोबर टेकलं पायजे, बोट घालून बघा, अर्धा इंच पण इकडेतिकडे नको. गॅरेजवाल्याने बसवून दिलं असलं तरी हे तुम्ही स्वतः बघा. मधला नट पूर्ण आवळल्यावरच कॉम्प्रेसर सोडायचा, तो पण आलटून पालटून.

बसवताना आधी वरचे नट हाताने लावा, मग खाली नकल जॅकने उचलून खुणेला खूण जुळवा, बोल्ट ज्या दिशेने होते त्याच दिशेने घाला. सगळे बोल्ट बसल्यावर मगच आवळा, आणि आवळायला टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळता येतो तो) मिळवा. प्रत्येक बोल्टचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, शेजारच्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. एबीएसची वायर, ब्रेकचा पाइप पट्टीत परत अडकवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा, पाइप कुठे ताणतोय का, टायरला घासेल का. दुसऱ्या बाजूला पण हेच. चाकाचे नट आधी हाताने, गाडी खाली उतरवल्यावर समोरासमोरचे असे आवळा.

पहिली चक्कर गल्लीतच, २० च्या स्पीडने, काचा खाली करून, कान पुढे देऊन. आधी दोनदा ब्रेक मारून बघा. आवाज नसेल, स्टिअरिंग सोडल्यावर परत येत असेल, तर तिथून सरळ व्हील अलाइनमेंटला (चाकांचा कल आणि दिशा जुळवून घ्यायला) जा, खुणा कितीही जुळवल्या तरी हे टाळू नका, नाहीतर नवीन टायर सहा महिन्यांत कडेने बसतो. शंभरएक किलोमीटर झाले की, म्हणजे एक तुळजापूर जाऊन-येऊन, चाकाचे नट परत टॉर्क पान्याने तपासा.

आणि जुने शॉकअप भंगारात देताना त्या माणसाला सांगा की बाबा, ह्यात दाबाने गॅस भरलेला असू शकतो, ह्याला कटर लावू नको, विस्तवाजवळ टाकू नको. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.