पडलेल्या फणसाच्या फळ्या: आधी पावसाचा हिशेब, मग चेनसॉ

कोकणात पडलेल्या झाडाच्या खोडातून टेबलासाठी जाड फळ्या पाडायच्या असतील तर काम दिवाळीनंतर धरा, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा हवा कोरडी असते, पण तापलेली नसते. एप्रिलमध्ये चिरलेली ओली फळी वरून भराभर सुकते, आतून ओली राहते आणि टोकापासून तडकत जाते. पावसाळ्यात चिरलीत तर आठवड्यात बुरशी.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या दापोली-मंडणगडाकडे जुने आंबे-फणस मुळासकट आडवे झाले आणि त्यातलं बरंच लाकूड सरपणात गेलं. ते बघून जीव तुटला. ज्या फणसापासून तंजावरची वीणा घडते, त्याच्या दोन फुटी खोडाचे चुलीसाठी ढलपे! म्हणून कुठे झाड पडल्याचं कळलं की मी मालकांना आधी सांगतो, तुकडे करू नका. फणस, आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड वाऱ्याने पडलं असलं तरी फोटो काढा, वनखात्याकडे चौकशी करा आणि लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक परवाना घ्या.

मुळासकट पडलेल्या झाडाचं खोड कापताना मुळांच्या बाजूला किंवा मागच्या खड्ड्यात कोणीही उभं राहू नये. खोडाचं वजन सुटलं की मुळांचा गड्डा मातीसकट झटक्यात परत उभा होतो. पोरं खड्ड्यात खेळत असतात, आधी त्यांना घरी पाठवा. चेनसॉवर, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीवर, एकट्याने काम करू नका. कानाला, डोळ्यांना आणि पायांना संरक्षण हवंच.

परसातल्या झाडात कपडे वाळवायच्या तारेचे खिळे हमखास सापडतात, ते आधी शोधून काढा. सालीवरची लाल माती ब्रशने घासून काढा, ती चेनची धार खाते. साठ-सत्तर सीसीच्या खालची मशीन या कामाला घेऊ नका, ओंडका उभा चिरताना ती तापून बसते. बाजारातल्या चेनच्या दातांना साधारण ३० अंशांची धार असते. ती आडव्या कापासाठी. उभं चिरायला गोल कानशीने १० अंशांवर आणा. बारवर, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या लांब पात्यावर, मिलिंगची चौकट बसवा; तिच्यामुळे फळी सारख्या जाडीची निघते. पहिल्या कापासाठी ओंडक्यावर सरळ शिडी स्क्रूने पक्की करा, चौकट त्यावरून सरकते. पुढचे काप आधीच्या सपाट पृष्ठभागावरून. काप पुढे गेला की मागे लाकडी पाचरी ठोका, म्हणजे बार अडकत नाही. जोर लावावा लागला किंवा जळका वास आला की थांबून धार लावा. फणसाचा चीक चेनला चिकटतो, तोही पुसत राहा. टेबलाची फळी शेवटी दोन इंच जाड हवी असेल तर चिरताना अडीच इंच ठेवा. प्रत्येक कापात जवळजवळ एक सेंटिमीटर लाकूड भुसा होऊन जातं, तेही धरा.

खरी कसोटी वाळवण्यात. टोकांना त्याच दिवशी जाड ऑइलपेंट किंवा मेण फासा, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर सुटतं. आंब्याला भुंगा लगेच लागतो. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असला तरी सालीलगतचं पांढरं लाकूड किडतं. म्हणून ओल्या फळीवरच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी सगळीकडून मारा. नंतर पावसात भिजली तर औषध धुऊन जातं, तेव्हा थप्पी छपराखालीच. जमिनीपासून फूटभर उंच चिरे मांडा, फळ्यांमध्ये दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या ठेवा. खालची पट्टी आणि वरची पट्टी एका ओळंब्यात आली पाहिजे, नाहीतर फळी पट्टीगणिक वाकते. वर जांभ्याचे चिरे ठेवून दाबा. पहिले काही आठवडे वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा.

वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज आहे. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड उलट ओल ओढतं, म्हणून मी त्याहून जास्तच धरतो. लाकडातली ओल मोजायचं मीटर नसेल तर एक छोटी फळी ताणकाट्यावर दर महिन्याला तोला आणि वजन तिच्यावरच खडूने लिहा. मे महिन्यात वजन उतरायचं थांबलं की ती इथल्या हवेपुरती वाळली. पुण्या-मुंबईच्या एसी घरात मात्र ती अजून आकसणार, म्हणून त्याच घरात काही आठवडे ठेवल्याशिवाय रंधा लावू नका.

दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून नजर लावा, पीळ लगेच दिसतो. मग राउटरने (लाकूड कोरायच्या विजेच्या यंत्राने) किंवा रंध्याने सपाट करा. भेग वाढू नये म्हणून तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवा. पॉलिश पेपर ८० नंबरपासून २२० पर्यंत. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना उत्तम, पण ते कातडी भाजतं आणि लाकूड काळं करतं, म्हणून टेबलाला मी जवसाचंच लावतो. पातळ हात, खालून-वरून सारखे. एकाच बाजूला लावलंत तर फळी वाकते. फणसाचा पिवळा रंग उजेडात हळूहळू तपकिरी होत जातो. हा बदल कोणत्याही तेलाने थांबत नाही, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेतो. दोरीवर पसरून वाळवा. पाय जोडताना स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, म्हणजे पावसाळ्यात फुगायला तिला जागा राहते.