संकटातल्या आरोग्यावरचे संशोधन पेपर कसे शोधायचे
भूकंप, दुष्काळ, युद्ध यात लोकांच्या तब्येतीचं काय होतं यावर लिहायलाव ना, मग गुगलवर अख्खं वाक्य टाकू नका, नुसत्या बातम्या येतात. पबमेड उघडा, वैद्यकीय पेपर शोधायची साइट, फुकट आहे. विषयाचे तुकडे करा, संकट कोणतं, लोक कोण, आजार कोणता, सारख्या अर्थाचे शब्द ऑरने (OR) जोडा अन् तुकडे अँडने (AND), दोन्ही कॅपिटलमधे. मेशमधे, म्हणजे पबमेडच्या विषय-शब्दांच्या यादीत, डिझास्टर्स, रिलीफ वर्क, रेफ्युजीज असे ठरलेले शब्द आहेत, ते लावले की बराच कचरा गळतो.

आपल्या किल्लारीचंच घ्या, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. मी नुसतं किल्लारी टाकून अर्धा दिवस बसलो, हाती काय नाही, मग कळलं की कुणी लातूर लिहितं, कुणी मराठवाडा, कुणी महाराष्ट्र अर्थक्वेक, अन् किल्लारीच्या इंग्रजी स्पेलिंगमधे कुणी के नंतर एच घालतं कुणी नाही. सगळे टाकून बघा.

एक चांगला पेपर घावला की गुगल स्कॉलरवर सायटेड बाय दाबा, त्या पेपरचा आधार घेतलेले नंतरचे पेपर दिसतात, खरं घबाड तिथंच. पैसे मागायलंय? तिथंच ऑल व्हर्जन्समधे त्याच पेपरच्या दुसऱ्या प्रती बघा, नाहीतर लेखकाला मेल टाका. कॉन्फ्लिक्ट अँड हेल्थ जर्नल तर पूर्ण फुकटच. मदत संस्थांचे रिपोर्ट रिलीफवेब या साइटवर, पण ते चालतात का हे गाईडला आधीच विचारा.