असील कोंबड्या घरी पाळायच्या तर आधी कप्पे बांधा

असील किंवा दुसरी कुठली झुंजार जात घरी आणण्याआधी कप्प्यांचा हिशोब करा. खुडूक कोंबडीखाली 10 अंडी ठेवली आणि 8 पिल्लं निघाली, तर साधारण 4 नर असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ते एकमेकांवर तुटून पडू लागतात. इतर जातींत एक नर माघार घेतो आणि भांडण मिटतं. इथे तसं होत नाही, एखादा मरेपर्यंत चालू राहू शकतं. म्हणून प्रत्येक नराला स्वतंत्र कप्पा हवाच. तेवढी जागा नसेल तर अंडी कमी बसवा. पायाला दोरी बांधून नर उन्हात ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. दोरीने पाय सोलतो आणि कुत्रं आलं तर पळायलाही वाव राहत नाही.

एका नरासाठी 4 फूट रुंद, 6 फूट लांब आणि 6 फूट उंच कप्पा पुरतो. उंची आपल्यासाठी; वाकून झाडावं लागलं की साफसफाईचा कंटाळा होतो. दोन कप्प्यांच्या मध्ये नुसती जाळी कधीच लावू नका. जाळीतूनही ते दिवसभर भिडतात, चोची आणि नखं तुटतात, तुरे रक्ताळतात. फळी किंवा पत्रा लावा, आणि तो किती उंच हे नर ज्या दांडीवर बसतो तिच्या उंचीवरून ठरवा. मोठा असील नर उभा राहिला की सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. दांडी दीड फुटावर असेल तर त्याचं डोकं पावणेचार फुटांवर जातं. म्हणजे 3 फुटी आडोशावरून त्याला शेजारी आरामात दिसतो. आडोसा किमान 4 फूट ठेवा, त्याच्या वर हवेसाठी जाळी.

दांडी दीड फुटापेक्षा उंच नको. असील वजनदार असतो. उंचावरून रोज उडी मारून तळव्याला जखम होते, ती चिघळते आणि आत कडक गाठ धरते. दांडी 2 इंच रुंद, कडा घासून गोल केलेली आणि भिंतीपासून फूटभर लांब असावी, नाहीतर शेपटीची पिसं मोडतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्ष्याचे तळवे उलटून बघा.

समोरच्या बाजूला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली मजबूत चौकोनी जाळी लावा. पातळ षटकोनी जाळी कुत्रं फाडतं आणि तिच्यातून उंदीर व साप आत येतात. जमिनीवर 3 इंच तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. गादी बरी आहे की नाही, हे कोंबडीच्या उंचीवर बसून तपासा: डोळे चुरचुरले तर ती ओली झाली आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढा. तिथेच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि 3 ते 6 आठवड्यांची पिल्लं त्यात पटकन जातात. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. मानमोडी (राणीखेत) आणि देवी या कोंबड्यांच्या रोगांवरच्या लसींचं वेळापत्रकही त्यांच्याकडूनच घ्या.

पिल्लांना 8 आठवड्यांपर्यंत 20 ते 22 टक्के प्रथिनांचं खाद्य द्या, पुढे 16 ते 18 टक्के. मोठ्या पक्ष्याला रोज 100 ते 130 ग्रॅम पुरतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य नरांना घालू नका; त्यातलं जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला जड जातं. सगळ्यांना एकच खाद्य द्यायचं असेल तर साधं द्या आणि मादीसमोर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

माद्याही तापट असतात. एकत्र वाढलेल्या तलंगा (तरुण माद्या) सहसा जमवून घेतात, पण अनोळखी दोघींना सरळ एकत्र सोडू नका. एका नरामागे 2 माद्या ठेवणं सोयीचं. पिल्लांची आई फार कडवी, तिला वेगळा कप्पा द्या. उबवणीचं घरटं मधे थोडं खोलगट करा; सपाट जागेत अंडी बाजूला सरकतात आणि तिच्या वजनाखाली फुटतात.

लाल गोचीड दिवसा दांडीच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. त्यामुळे तपासणी अंधारात, बॅटरी घेऊन करा.

नर सुटून भिडलेच तर हात मधे घालू नका, पायामागचा काटा खोल घुसतो. एकावर जाड गोणपाट टाका, गुंडाळून उचला, दुसऱ्याला मग पकडा. जखमा कोमट मिठाच्या पाण्याने धुवा आणि दोघांना रात्रभर वेगवेगळ्या, अंधाऱ्या, कोरड्या खोक्यांत ठेवा.