एकोणिसाव्या शतकातला चिनी खलाशी जुन्या कागदांत कसा शोधावा

आधी माणसाचं नाव बाजूला ठेवा आणि जहाज शोधा. बाकी सगळं त्यानंतर.

माझं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, शेवटची वर्षं कॅप्टन म्हणून. बंदरात इमिग्रेशनचा अधिकारी वर आला की क्रू लिस्ट त्याच्यापुढे ठेवायची, एकेक माणूस उभा करायचा, हे अंगवळणी पडलेलं काम. माझ्याबरोबरच्या हाँगकाँगच्या एका बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या म्होरक्याला) पणजोबांचा माग काढायचा होता. ते १८८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या फेऱ्या करायचे, एवढंच घरात माहीत होतं. त्याला मदत करताना जे हाती लागलं ते इथे देतोय.

जहाज आधी का? चिनी माणसाचं नाव गोरा कारकून कानाला जसं लागेल तसं लिहायचा. ‘आह सिंग’, ‘आह लुंग’ अशी नावं पानोपानी दिसतील. त्यातलं ‘आह’ हे आडनाव नव्हे, घरगुती हाक मारताना नावाआधी लावतात ते आहे. त्यावरून वंशावळ लावायला बसलात तर भलत्याच कुटुंबात पोचाल. उलट जहाजाचं नाव, टनेज, आल्याची तारीख आणि कॅप्टन यांची नोंद सहसा नीट सापडते, कारण दंड आणि जकात त्यावर ठरायची.

आता मार्ग बघा. पॅसिफिक मेल कंपनीने १८६७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को–हाँगकाँग वाफेच्या जहाजांची फेरी सुरू केली. पुढे ऑक्सिडेंटल अँड ओरिएंटल कंपनी आली. या जहाजांवर डेकपासून भट्टीपर्यंत आणि भटारखान्यापासून प्रवाशांच्या बैठकीच्या दालनापर्यंत चिनी माणसं असत. भरती मुकादमामार्फत व्हायची. त्याला ‘नंबर वन’ म्हणत. आपल्याकडे सारंग असे तसाच तो.

मग झेंडा बघा. जहाज ब्रिटिश असेल तर खलाशांच्या करारपत्रांमागे लागा. १८६३ ते १९३८ मधली सुमारे सत्तर टक्के करारपत्रं कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. दहा टक्क्यांचा नमुना लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. पाचाने संपणारी वर्षं, म्हणजे १८७५, १८८५ वगैरे, ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. चुकीच्या ठिकाणी अर्ज करून महिने घालवू नका, आधी वर्ष बघा.

जहाज अमेरिकी असेल तर गोष्ट वेगळी. इथे मात्र थांबून वाचा.

६ मे १८८२ ला अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षं बंदी करणारा कायदा केला. असा मजूर आणून उतरवणाऱ्या कॅप्टनला माणशी पाचशे डॉलरपर्यंत दंड आणि वर ‌वर्षभरापर्यंत कैद होऊ शकत होती. आता कॅप्टनच्या जागी उभे राहा. आह सिंग नावाचा केबिन वेटर ‘सिटी ऑफ सिडनी’ या अमेरिकी जहाजावर सॅन फ्रान्सिस्कोहून ऑस्ट्रेलियाला जातो आणि त्याच जहाजाने परत येतो. तो कॅलिफोर्नियाचाच रहिवासी, पण परतीचा दाखला, म्हणजे पुन्हा अमेरिकेत उतरू देणारा कागद, त्याच्याकडे नाही. कॅप्टन त्याला उतरू देईना. प्रकरण फेडरल न्यायालयात न्यायमूर्ती फील्ड यांच्यापुढे गेलं. त्यांनी निकाल दिला की अमेरिकी जहाजावर असलेला हा माणूस अमेरिकेच्या अधिकारक्षेत्राबाहेर गेलेलाच नाही, त्याला सोडा. कामावर गेलेल्या माणसाला स्वतःच्या घरी उतरण्यासाठी न्यायालयात जावं लागलं, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. जहाजावर तो खलाशी होता. उतरायच्या शिडीपाशी आल्यावर मात्र परका मजूर झाला.

शोधाच्या दृष्टीने यातून एक कळतं: कागद फक्त कस्टम्समध्ये नाहीत, न्यायालयातही आहेत. जहाजावर अडकलेल्यांसाठी हेबियस कॉर्पसचे, म्हणजे अडकवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा अशा मागणीचे, अर्ज हजारोंनी झाले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयांची जुनी कागदपत्रं आणि चिनी बंदी कायद्याच्या फायली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोत, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. तिथे पत्र लिहिताना जहाज आणि तारीख द्याच.

तारीख कायद्याशी ताडून बघा. १ ऑक्टोबर १८८८ ला स्कॉट कायद्याने परतीचे दाखले एका फटक्यात रद्द केले, तेव्हा सुमारे वीस हजार चिनी लोक अमेरिकेबाहेर होते. चे चान पिंग हा प्रवासी वैध दाखला घेऊन ‘बेल्जिक’ने आठवडाभरात पोचला, तरी त्याला उतरू दिलं नाही, आणि १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारच्याच बाजूने कौल दिला. तुमचा माणूस या तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर फाइल कशी संपेल ते बरंचसं ठरतं.

ऑस्ट्रेलियात हिशेब जहाजाच्या टनांवर चाले. व्हिक्टोरिया वसाहतीत शंभर टनांमागे एकच चिनी प्रवासी आणता यायचा. १८८८ मध्ये ‘अफगाण’ हे जहाज मेलबर्नला आलं तेव्हा नियमाने चौदा जणांना परवानगी होती आणि जहाजावर होते २६८. खलाशांवरचा राग त्याहून जुना: चिनी खलाशी नेमले म्हणून १८७८ च्या नोव्हेंबरात सिडनीत मोठा संप झाला होता. सिडनीला आलेल्या जहाजांच्या खलाशी-प्रवासी याद्या ‘मरिनर्स अँड शिप्स इन ऑस्ट्रेलियन वॉटर्स’ या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि जुनी वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर. वर्तमानपत्रांत जहाजाच्या नावानेच शोधा. मजकुरात चिनी माणसांसाठी शिवीवजा शब्द येतील. शोधापुरते ते वापरावे लागतात, आपल्या लेखनात आणू नका.

ऑस्ट्रेलियातलाच १९०१ नंतरचा काळ असेल तर जहाज सुटल्याचा दिवस तपासा. त्या वर्षीच्या नव्या प्रवेशबंदी कायद्याने अधिकारी निघण्याआधी खलाशांची हजेरी घेऊ शकत होता. जो चिनी खलाशी गैरहजर, तो उलट सिद्ध होईपर्यंत बेकायदा घुसलेला धरला जायचा आणि शंभर पौंडांचा दंड कॅप्टन-मालकांवर. अशा वेळी कॅप्टन माणसांना किनाऱ्यावर का सोडत नसे, ते मला कळतं. त्याच वर्षी टपालाचे करार फक्त गोरे कामगार असलेल्या जहाजांना देण्याचा कायदाही झाला. त्याचा रोख पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या लास्करांकडे, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांकडेही होता, आणि त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी होते. त्यांचा शोधही याच क्रमाने घ्या.

सापडलेलं नाव कागदावर जसं आहे तसंच उतरवा; तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात. आणि घरच्यांकडून दोन गोष्टी आधीच मागून घ्या: चिनी लिपीत पूर्ण नाव आणि ग्वांगडोंगमधलं मूळ गाव. बंदी कायद्याच्या फायलींत कधीकधी त्या माणसाची चिनी अक्षरातली सही असते, आणि ती शेजारी ठेवून ताडता आली तर तोच हा माणूस, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.