भाजी सपक होतेय? मसाल्याच्या डब्याला हात लावण्याआधी या चुका टाळा

रस्सा मिळमिळीत लागला की घरोघरी एकच उपाय होतो: आणखी चमचाभर तिखट, वरून गरम मसाला. त्याने भाजी जहाल होते, चवदार होत नाही. बहुतेक वेळा घोळ कांद्यात झालेला असतो.

नाशिककरांना कांद्याचं काय सांगावं, पण परतायच्या वेळी आपणही घड्याळच बघतो. लासलगावचा उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. दिवाळीच्या आगेमागे येणारा नवा लाल कांदा टिकत नाही, कारण तो पाणीदार असतो. ते पाणी उडेपर्यंत कढईतला कांदा 100 अंशांच्या फारसा वर जातच नाही. तोवर तो शिजतो, तांबूस होत नाही. खमंगपणा त्यानंतर येतो. म्हणून लाल कांद्याला जास्त वेळ द्या, कढई पसरट घ्या, सुरुवातीला चिमूटभर मीठ टाका म्हणजे पाणी लवकर सुटेल. अर्धवट परतलेल्या कांद्यावर टोमॅटो ओतला की संपलंच. पुन्हा पाणी, आणि कांदा कच्चा तो कच्चाच.

काळ्या रश्श्याच्या वाटणातही घाईच नडते. कांदा आणि सुकं खोबरं एकत्र भाजू नका. कांदा रंगेपर्यंत खोबरं जळून कडवट होतं.

मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तिखट थेट उकळत्या रश्श्यात टाकलं तर तर्री कुठून येणार? आच मंद करून ते तेलात घाला, लगेच दोन चमचे गरम पाणी शिंपडा म्हणजे करपणार नाही. वाटणाला कडेने तेल सुटलं की मगच बाकीचं पाणी घाला, तेही गरमच.

गिरणारे-पिंपळगावचा टोमॅटो स्वस्त झाला की तो वरणाच्या कुकरमध्येही जातो. आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल, जे काय घालायचं ते डाळ शिजल्यावर. (फिक्या वरणाला पुष्कळदा मसाला नकोच असतो, लिंबाचे चार थेंब पुरतात.)

मेथी-पालकाला मीठ भाजी बसल्यावर घाला. भांडंभर पाल्याच्या अंदाजाने घातलं तर खारट होणारच. भेंडीला शेवटी, चिकटपणा गेल्यावर.

एवढं करूनही रस्सा पाणचट झालाच, तर त्यातलीच बटाट्याची फोड किंवा मूठभर मटकी ठेचून परत रश्श्यात मिसळा आणि झाकण न ठेवता आटवा. मग छोट्या कढल्यात तेल, ठेचलेला लसूण, तो तांबूस झाला की गॅस बंद करून चमचाभर कांदा-लसूण मसाला. ही फोडणी रश्श्यावर ओतून लगेच झाकण घाला. पाच मिनिटं उघडू नका.